पानामागची नोंद आणि यांत्रिक वाचक
(तृतीय वर्ष, कला शाखा)

'ययाति' हा शब्द कानी पडला की मराठीच्या विद्यार्थ्याला वि. स. खांडेकरांची १९५९ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आठवते. नाटकाची आवड असणाऱ्याला गिरीश कर्नाडांचे नाटक आठवेल, आणि घरातल्या आजीला मुलाचे तारुण्य मागून घेणारा महाभारतातला राजा आठवेल. बोलणाऱ्याच्या मनातला ययाति कोणता, हे आपल्याला मागच्यापुढच्या बोलण्यावरून कळते. यंत्राला ते कसे कळावे?

ग्रंथालयात ही अडचण ग्रंथपालाने फार पूर्वीच सोडविली आहे. पुस्तकाच्या पानापानांत काय आहे ते वाचत न बसता तो एक नोंद करतो : ग्रंथनाम, ग्रंथकार, विषय, प्रकाशक, साल. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा त्यांनी हेच काम प्रचंड प्रमाणावर केले. नोंद नसलेले पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखेच, हे ग्रंथालयात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

आज पुस्तकांची, लेखकांची, दुकानांची आणि कार्यक्रमांची फार मोठी चौकशी शोधयंत्रांकडे होते. तेथेही अशी नोंद लागते, आणि ती करण्याची रीतही ठरलेली आहे. परंतु अनेकदा नोंद केलेली असते, करणाऱ्याला ती डोळ्यांनी दिसतही असते आणि तरीही शोधयंत्राला ती दिसत नाही. असे का होते व त्यावर उपाय काय, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय यंत्राचा असला तरी प्रश्न सूचीचा आहे आणि सूची हा आपल्या शाखेचा जुना विषय आहे, म्हणून तो या अंकात मांडण्याचे धाडस करतो.

१. नोंद कशी असते?

प्रत्येक शोधयंत्राजवळ एक स्वयंचलित वाचक असतो. त्याला क्रॉलर म्हणतात. गूगलचा गूगलबॉट, बिंगचा बिंगबॉट अशी त्यांची नावे आहेत. एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात, वाचलेले मुक्कामी पोचवीत हा वाचक अहोरात्र हिंडत असतो. त्याला पानावरचा मजकूर वाचता येतो. परंतु त्यातले '२५०' म्हणजे पृष्ठे की रुपये, 'ययाति' म्हणजे ग्रंथ की राजा, हे त्याला दर वेळी अंदाजानेच ठरवावे लागते.

हा अंदाज टाळण्यासाठी जून २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू या तीन प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन 'स्कीमा डॉट ऑर्ग' नावाचा एक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. त्याच वर्षी पुढे रशियातील यांडेक्सही त्यांना येऊन मिळाले. पुस्तक, व्यक्ती, संस्था, कार्यक्रम, विक्रीची वस्तू अशा प्रत्येक प्रकारासाठी कोणते रकाने भरावयाचे, हे या शब्दसंग्रहात ठरवून दिलेले आहे. अशा रकानेवार माहितीला संरचित माहिती म्हणतात.

ती लिहिण्याच्या पद्धती तीन आहेत. मायक्रोडेटा आणि आरडीएफए या दोन पद्धतींत दिसणाऱ्या मजकुरालाच खुणा जोडतात. तिसरी पद्धत जेसन-एलडी. तिला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी २०१४ मध्ये मान्यता दिली. हिच्यात सगळी नोंद एका ठिकाणी, मजकुरापासून वेगळी लिहिली जाते. वाचकाला ती दिसत नाही. ती पानामागे राहते. प्रकार पुस्तक, नाव 'ययाति', लेखक वि. स. खांडेकर, भाषा मराठी, किंमत अमुक, चलन भारतीय रुपया, अशी ती एक आटोपशीर चिठ्ठीच असते. गूगल हीच पद्धत सुचविते आणि आज बहुतेक ठिकाणी हीच वापरतात.

२. स्क्रिप्टने नोंद करण्याचे कारण

ही चिठ्ठी पानात घालण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात सर्व्हर पान पाठवितानाच ती आत घालून पाठवितो. दुसऱ्या मार्गात पान चिठ्ठीवाचून येते. मग ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टचा एक छोटा कार्यक्रम चालतो आणि तो ती चिठ्ठी तयार करून पानात बसवितो.

दुसरा मार्ग द्राविडी प्राणायामासारखा वाटेल. परंतु त्याला व्यावहारिक कारण आहे. लहान संस्थांची संकेतस्थळे दुसऱ्या कोणी तरी तयार करून दिलेली असतात. पानाचा मूळ साचा त्यांच्या हाती नसतो, आणि एक ओळ बदलावयाची तरी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. गूगलने २०१२ साली टॅग मॅनेजर नावाचे साधन काढले. ते एकदा साच्यात जोडून घेतले की पुढे साच्याला हात न लावता हव्या त्या स्क्रिप्ट पानावर चालविता येतात. मुळात ते मोजणीच्या व जाहिरातींच्या कामासाठी होते; पुढे लोक त्यातूनच संरचित माहितीही घालू लागले. गूगलच्या मार्गदर्शनातही हा मार्ग मान्य केलेला आहे.

मुद्रणाची उपमा द्यावयाची तर पहिला मार्ग म्हणजे मजकूर छापून बांधलेले पुस्तक. दुसरा म्हणजे पुस्तक वाचकाच्या हाती पडल्यावर आत चिकटविलेले शुद्धिपत्र. शुद्धिपत्रातला मजकूर खोटा नसतो. पण ते चिकटविले जाईपर्यंत जो थांबेल, त्यालाच तो वाचावयास मिळतो.

३. क्रॉलर पान कसे वाचतो?

गूगलबॉटच्या कामाचे तीन टप्पे आहेत. प्रथम तो सर्व्हरकडून पानाची मूळ एचटीएमएल प्रत आणतो. नंतर ते पान एका रांगेत लागते आणि पाळी आली की मस्तकहीन ब्राउझरमध्ये, म्हणजे पडदा नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडले जाते. स्क्रिप्ट चालतात त्या या टप्प्यात. शेवटी जे पान तयार झाले, त्याची अनुक्रमणिकेत नोंद होते. स्क्रिप्टने घातलेली चिठ्ठी पहिल्या टप्प्यात नसते. ती दुसऱ्या टप्प्यातच जन्माला येते.

या दुसऱ्या टप्प्याला पूर्वी बराच वेळ लागे. २०१८ साली गूगलच्याच मंडळींनी जाहीर सभेत सांगितले होते की, हे वाचन काही दिवसांनी होऊ शकते. पुढच्याच वर्षी त्यांनी सांगितले की, रांगेतील निम्म्या पानांचे काम पाच सेकंदांच्या आत होते. त्याच वर्षी, म्हणजे मे २०१९ मध्ये, गूगलबॉटचा जुना ब्राउझर जाऊन त्या जागी सतत अद्ययावत राहणारे क्रोमियम आले. त्यामुळे 'गूगलला जावास्क्रिप्ट वाचता येत नाही' हा जुना समज आता धरून बसण्याचे कारण नाही.

परंतु सगळे क्रॉलर म्हणजे गूगलबॉट नव्हेत. प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवांनीही आपापले क्रॉलर हिंडावयास सोडले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये व्हर्सेल या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, ओपनएआय, अँथ्रोपिक, मेटा व पर्प्लेक्सिटी यांचे क्रॉलर त्या वेळी स्क्रिप्ट चालवीत नव्हते. म्हणजे शुद्धिपत्र चिकटविले जाण्यापूर्वीच हे वाचक पुस्तक मिटून पुढे जात होते.

४. नोंद कोठे हरवते?

स्क्रिप्ट चालविणाऱ्या वाचकालाही नोंद दिसेलच अशी खात्री नसते. ती हरवण्याची मुख्य ठिकाणे अशी :

पहिले, मज्जाव. संकेतस्थळाच्या मुळाशी 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची एक फाइल असते. क्रॉलरने कोठे जाऊ नये हे तीत लिहिलेले असते. ही प्रथा १९९४ पासूनची आहे. ज्या फाइलमध्ये स्क्रिप्ट आहे किंवा ज्या पत्त्यावरून ती माहिती आणते, त्याला येथे मज्जाव केला असेल, तर शिस्तीचा क्रॉलर तिकडे फिरकत नाही. मग चिठ्ठी तयारच होत नाही.

दुसरे, कृतीची अट. क्रॉलर बटण दाबत नाही आणि माणसासारखा पान सरकवीत बसत नाही. 'वाचक खाली गेला की चालू हो' किंवा 'मान्य म्हटले की चालू हो' असे स्क्रिप्टला सांगितलेले असेल, तर क्रॉलरपुरती ती कधीच चालू होत नाही.

तिसरे, स्मृतीचा अभाव. आपला ब्राउझर मागच्या भेटीत साठविलेल्या गोष्टी लक्षात ठेवतो. गूगलबॉट एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना असे साठवण पुसून टाकतो. प्रत्येक पानावर तो प्रथमच आलेला पाहुणा असतो.

चौथे, जुनी प्रत. गूगलबॉट स्क्रिप्टच्या फाइली स्वतःजवळ तीस दिवसांपर्यंत साठवून ठेवू शकतो. नाव तेच ठेवून फाइलमधील मजकूर बदलला, तर काही काळ तो जुनीच फाइल चालवील. बदलाबरोबर फाइलचे नावही बदलणे हा त्यावरचा साधा इलाज आहे.

पाचवे, पानावरील मनाई. मूळ एचटीएमएल प्रतीतच 'या पानाची नोंद करू नये' अशी सूचना असेल, तर दुसरा टप्पा वगळला जाऊ शकतो. ती सूचना पुढे स्क्रिप्टने काढून टाकण्याचा बेत असला, तरी ती स्क्रिप्ट चालण्याची वेळच येत नाही.

सहावे, लेखनदोष. जेसन-एलडीत एखादा स्वल्पविराम जास्त पडला किंवा एक अवतरणचिन्ह सुटले, तर सगळी चिठ्ठी निकामी होते. माणूस चुकीचे वाक्य समजून घेतो. यंत्र तशी दया दाखवीत नाही.

५. एका ग्रंथविक्रेत्याचे उदाहरण

गेल्या वर्षी आमच्या गावातील एका ग्रंथविक्रेत्याच्या संकेतस्थळाचे काम मी पाहत होतो. जुनी, इतरत्र सहज न मिळणारी मराठी पुस्तके हे त्या दुकानाचे वैशिष्ट्य. दुकान रस्त्याच्या आतल्या बाजूला असल्याने बाहेरगावचा वाचक त्यांच्यापर्यंत पोचावयाचा तो शोधयंत्रातूनच. ज्यांनी संकेतस्थळ तयार करून दिले होते, त्यांनी प्रत्येक पुस्तकाची संरचित माहिती टॅग मॅनेजरमधून घातली होती. दुकानाच्या मालकांनाही ती दाखविली होती. तरी गूगलच्या अहवालात एकाही पुस्तकाची नोंद दिसत नव्हती.

मालक मला म्हणाले, "अरे, माझ्या संगणकावर तर सगळं दिसतंय. मग त्यांनाच का दिसू नये?"

प्रश्न रास्त होता, आणि उत्तर त्यातच दडलेले होते. पान उघडताच तळाशी संमतीची एक पट्टी येत असे. तिच्यावर 'मान्य आहे' हे बटण दाबल्यावरच टॅग मॅनेजर सुरू व्हावा, अशी योजना होती. मालकांनी ते बटण पहिल्याच दिवशी दाबले होते आणि त्यांच्या ब्राउझरने ती संमती लक्षात ठेवली होती. गूगलबॉट बटण दाबीत नाही आणि काही लक्षातही ठेवीत नाही. तो प्रत्येक पुस्तकाच्या पानावर नवखा म्हणून येई, पट्टी तशीच राही आणि चिठ्ठीवाचून परत जाई.

पट्टीची अट मोजणीच्या स्क्रिप्टपुरती ठेवून संरचित माहिती तिच्यातून मोकळी केली. पुस्तकाच्या नोंदीत वाचकाची कोणतीही खासगी माहिती घेतली जात नाही, तेव्हा तिला संमतीच्या अटीत अडकविण्याचे कारण नव्हते. त्यानंतर चिठ्ठी क्रॉलरपर्यंत पोचली. पण ती सदोष म्हणून परत आली. किंमत देवनागरी अंकांत लिहिली होती! जेसनमध्ये संख्या म्हणून शून्य ते नऊ हे आंतरराष्ट्रीय अंकच चालतात. स्कीमा डॉट ऑर्गनेही किमतीच्या रकान्यात तेच वापरण्यास सांगितले आहे. पानावर वाचकासाठी '२५०' तसेच ठेवले आणि चिठ्ठीत मात्र तीच किंमत आंतरराष्ट्रीय अंकांत दिली, तेव्हा तपासणीत नोंद निर्दोष ठरली.

६. तपासणी कशी करावी?

या उदाहरणातून तपासणीचे पहिले सूत्र मिळते : आपल्याला काय दिसते याला महत्त्व नाही, क्रॉलरला काय दिसते ते पाहावे.

सर्वांत सोपा उपाय कोणालाही करता येण्यासारखा आहे. पान उघडून कंट्रोल आणि यू या कळा एकदम दाबल्या की पानाचा मूळ मजकूर दिसतो. सर्व्हरने पाठविलेली प्रत ती हीच. येथे चिठ्ठी सापडली, तर ती बहुतेक सगळ्या वाचकांना सापडेल. याउलट, पानावर उजवे बटण दाबून 'इन्स्पेक्ट' म्हटले की जे दिसते, ते स्क्रिप्ट चालून झाल्यावरचे पान असते. चिठ्ठी येथे आहे आणि मूळ मजकुरात नाही, असे आढळले तर ती स्क्रिप्टने घातलेली आहे असे खुशाल समजावे.

दुसरी पायरी गूगलच्या 'रिच रिझल्ट्स टेस्ट' या साधनाची. त्यात पानाचा पत्ता दिला की गूगल स्वतः पान उघडून, स्क्रिप्ट चालवून, काय सापडले ते सांगते. तयार झालेली एचटीएमएल प्रतही दाखविते. येथे कोड चिकटवू नये, पत्ताच द्यावा. चिकटविलेल्या कोडातील काही स्क्रिप्टना तेथे बाहेरून माहिती आणता येत नाही आणि निष्कर्ष फसवा निघतो. हे साधन गूगल ज्यांचा उपयोग करते तेवढेच प्रकार तपासते. बाकीच्यांसाठी स्कीमा डॉट ऑर्गचे स्वतंत्र तपासणी-साधन आहे. संकेतस्थळ आपल्या ताब्यातले असेल, तर गूगलच्या 'सर्च कन्सोल'मध्ये प्रत्यक्ष अनुक्रमणिकेत गेलेले पान कसे होते, तेही पाहता येते.

७. उपाययोजना

ज्याला शक्य आहे त्याने संरचित माहिती सर्व्हरकडूनच पानात घालावी. त्यात रांग नाही, स्क्रिप्ट नाही आणि स्क्रिप्ट न चालविणारा वाचकही वंचित राहत नाही. विक्रीच्या वस्तूंबाबत तर गूगलनेच इशारा दिला आहे : नोंद स्क्रिप्टने तयार होत असेल, तर खरेदीविषयक माहितीचे वाचन कमी वेळा आणि कमी भरवशाचे होऊ शकते. किंमत व शिल्लक प्रती रोज बदलणाऱ्या दुकानाने हे ध्यानात ठेवावे.

ज्याला साच्याला हात लावता येत नाही, त्याने टॅग मॅनेजर अवश्य वापरावा, पण तीन पथ्ये पाळून. एक, नोंद पान उघडताच तयार व्हावी. कोणत्याही कृतीची वाट पाहू नये. दोन, नाव, किंमत, लेखक ही माहिती चिठ्ठीत हाताने पुन्हा लिहू नये. टॅग मॅनेजरमधील चलांच्या साहाय्याने ती पानावरील मजकुरातूनच उचलावी, म्हणजे पानावर एक किंमत आणि चिठ्ठीत दुसरी असे होणार नाही. तीन, साच्यातून एक आणि स्क्रिप्टने दुसरी अशा परस्परविरोधी नोंदी एकाच पानावर असू नयेत.

आणखी एक गोष्ट व्यवहारापेक्षा नीतीची आहे. चिठ्ठी वाचकाला दिसत नाही, म्हणून तीत वाटेल ते लिहिण्याचा मोह होतो. पानावर एकही अभिप्राय नसताना चिठ्ठीत पाच तारे देणारे महाभाग आहेत. पानावर न दिसणारी किंवा दिशाभूल करणारी माहिती चिठ्ठीत असू नये, असा गूगलचा नियम आहे आणि तो मोडल्यास नोंदीचा लाभ काढून घेतला जातो. खोटी सूची करणारा ग्रंथपाल जसा कपाटापर्यंत जाणाऱ्या वाचकाला फसवितो, तसेच हे आहे. शिवाय नोंद निर्दोष असली म्हणजे पान वरच्या क्रमांकावर येईल, असेही कोणी समजू नये. तसे आश्वासन कोणतेही शोधयंत्र देत नाही. नोंद फक्त ओळख पटविते.

८. मराठी नोंदीपुरते काही

मराठी मजकुराची संरचित माहिती करताना काही गोष्टी मुद्दाम पाहाव्या लागतात. अंकांचा उल्लेख वर आलाच आहे. तारखांनाही तोच नियम लागू पडतो : आधी साल, मग महिना, मग दिवस, तेही आंतरराष्ट्रीय अंकांत. नावे आणि वर्णने मात्र खुशाल देवनागरीत द्यावीत. जेसनला त्याची काहीच अडचण नाही. भाषेच्या रकान्यात मराठीसाठी 'एम' आणि 'आर' ही दोन रोमन अक्षरे ठरलेली आहेत.

आपल्याकडे टोपणनावांची मोठी परंपरा आहे. 'नटसम्राट'च्या मुखपृष्ठावर वि. वा. शिरवाडकर आणि कवितासंग्रहावर कुसुमाग्रज! आपल्याला दोघे एकच आहेत हे ठाऊक असते. यंत्रासाठी त्या दोन व्यक्ती ठरतात. त्यासाठी व्यक्तीच्या नोंदीत पर्यायी नावाचा रकाना आहे. शिवाय 'हीच ती व्यक्ती' असे सांगून विकिडेटासारख्या सार्वजनिक नोंदीचा दुवा देण्याचाही एक रकाना आहे. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर, ग्रेस आणि माणिक गोडघाटे यांच्याबाबतही हेच करता येईल. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन क्रमांक नसतो. तेव्हा अशा पुस्तकाची ओळख लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि साल या रकान्यांवरच उभी असते. हे रकाने अचूक भरणे हे संगणकतज्ज्ञाचे काम नाही. ते साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे.

९. समारोप

सारांश असा की, पानामागची नोंद ज्याच्यासाठी लिहावयाची, त्याच्या वाचण्याच्या रीतीला धरून ती लिहिली पाहिजे. स्क्रिप्टने घातलेली नोंद काही क्रॉलर वाचतात, काही वाचत नाहीत, आणि वाचणाऱ्यांच्या वाटेतही मज्जाव, बटणे व लेखनदोष उभे असतात. म्हणून जमेल तेथे ती मूळ पानातच असावी. न जमेल तेथे ती विनाअट तयार व्हावी, आणि दोन्ही ठिकाणी ती क्रॉलरच्या नजरेने तपासून घ्यावी.

आपल्या महाविद्यालयांची ग्रंथालये, लहान प्रकाशक आणि साहित्यसंस्था आता आपापली पाने तयार करीत आहेत. त्यांच्या नोंदी कोणी करावयाच्या हा प्रश्न पुढील काही वर्षांत आपल्यासमोर येणार आहे. तंत्रज्ञ चिठ्ठी पानात कशी बसवावी ते सांगेल. पण तीत काय लिहावे, कोणता ययाति कोणाचा आणि कुसुमाग्रज म्हणजे कोण, हे त्याला आपणच सांगावयाचे आहे. त्या कामाला कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी बिचकण्याचे मुळीच कारण नाही. कंट्रोल आणि यू या दोन कळांपासून कोणालाही आजच सुरुवात करता येईल.